सर्दी-खोकल्याच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम जातो का?

मांजराकाठ (धागाकर्ती), शनिवार, रात्री १०.१०

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहते. धाकटा मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर, म्हणजे मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून, मी उपकेंद्रातून मिळणारी माला-एन ही गोळी घेते. आजवर कसला त्रास झाला नाही आणि पाळीही वेळेवर येत राहिली.

मागच्या आठवड्यात शेतात हुरड्याला पाहुणे आले होते. संध्याकाळी उशिरापर्यंत वाऱ्यात बसल्यामुळे म्हणा किंवा मुलांचे लागल्यामुळे म्हणा, मला जोराचे पडसे झाले, अंग मोडून आले आणि दोन दिवस ताप राहिला. तालुक्याच्या ठिकाणी दाखवले, तेव्हा पाच दिवसांच्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि खोकल्याचे एक पातळ औषध मिळाले. आता बरे वाटते आहे. परंतु काल बोलता बोलता मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "खोकल्याच्या गोळ्या चालू असल्या की ती गोळी बाद होते. आमच्या वहिनीला तशातच दिवस गेले होते." जाऊबाई वाटेल ते बोलणाऱ्या नाहीत, त्यामुळे रात्रभर माझा डोळा लागला नाही. डॉक्टरांनी मला दुसरी कोणती गोळी चालू आहे का, असे विचारले नव्हते, आणि शेजारी दीर उभे असल्यामुळे मलाही स्वतःहून सांगता आले नाही.

सर्दीच्या औषधाने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम खरोखर कमी होतो का, आणि होत असेल तर आता मी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

दुधना, शनिवार, रात्री १०.५५

ताई, माझे जालना जिल्ह्यात मेडिकलचे दुकान आहे आणि बावीस वर्षे मी औषधेच विकत आलो आहे. तुमचा प्रश्न दुकानात फार कमी विचारला जातो, याचा अर्थ तो लोकांना पडत नाही असा नाही. काउंटरवर चार माणसे उभी असताना कोणतीही बाई असा प्रश्न विचारत नाही.

आधी तुमच्या पट्ट्यांच्या मागे बारीक अक्षरांत जे घटक लिहिलेले असतात, ते येथे लिहा. औषधाचे व्यापारी नाव कळून उपयोग नाही, कारण जवळजवळ एकाच नावाच्या दोन गोळ्यांत वेगवेगळे घटक असू शकतात. पट्टी कापून दिली असेल आणि घटकांचा भाग दुकानदाराकडेच राहिला असेल, तर उद्या जाऊन तो वाचून घ्या. तो मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आम्ही दुकानदारांनीही नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू गिऱ्हाइकाला द्यावी आणि उरलेली आपल्याकडे ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

मांजराकाठ, शनिवार, रात्री ११.३०

दादा, आभारी आहे. सगळे झोपल्यावर लोखंडी पेटीच्या झाकणावर सगळी औषधे मांडली आणि मोबाईलच्या उजेडात वाचली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम आणि कॅफिन ३० मिलिग्रॅम आहे. दुसरी कॅप्सूल ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमची आहे. पातळ औषधाच्या बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि पुन्हा क्लोरफेनिरामिन असे लिहिले आहे.

दुधना, शनिवार, रात्री ११.५०

मग निर्धास्त झोपा. यातला एकही घटक माला-एनचा परिणाम कमी करणारा नाही. पॅरासिटामॉल ताप उतरवते, फेनिलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आकसण्यासाठी घातलेले असते, क्लोरफेनिरामिन शिंका आणि वाहते नाक थांबवते व झोप आणते, कॅफिन थोडी तरतरी देते, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबते. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, ॲम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही दुकानात रोज खपणारी नावेही याच रांगेतली आहेत.

तुमच्याकडे दोन औषधांत मिळून क्लोरफेनिरामिन दुप्पट गेले आहे, हे मात्र लक्षात घ्या. पाच दिवस चांगलीच गुंगी राहिली असेल. अँटिबायोटिकबद्दल डॉक्टर मंडळींनी लिहावे. ते सांगणे माझ्या अधिकारातले नाही.

पूर्णाकाठ, रविवार, सकाळी ७.२०

मी हिंगोली जिल्ह्यात स्त्रीरोगाचा व्यवसाय करते. वर दुधना यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. तिच्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगते, कारण कारण कळले की पुढच्या वेळी नवे औषध हातात आल्यावरही बाई स्वतः योग्य प्रश्न विचारू शकते.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम ही दोन संप्रेरके असतात, तर उरलेल्या ७ काळपट गोळ्या केवळ लोहाच्या असतात. ही संप्रेरके रक्तात पुरेशी राहिली तर अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. एरवीही यकृत ही संप्रेरके रोज हळूहळू मोडून बाहेर टाकत असते, म्हणूनच गोळी रोज घ्यावी लागते. आता एखाद्या औषधाने यकृतातल्या या मोडतोडीचा वेग वाढवला, तर चोवीस तास पुरणारी गोळी कमी वेळात संपते आणि संरक्षणात खंड पडतो. असा वेग वाढवणारी औषधे मोजकी आहेत. सर्दीच्या गोळीतला एकही घटक त्यांत नाही. पॅरासिटामॉलमुळे तर इथिनिल इस्ट्रॅडिऑलची रक्तातली पातळी थोडा वेळ किंचित वाढते, कमी होत नाही.

अँटिबायोटिकची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे जुनी भीती आहे आणि ती डॉक्टरांनीच पसरवलेली आहे. आतड्यातले जिवाणू इथिनिल इस्ट्रॅडिऑलचा काही भाग पुन्हा मोकळा करून रक्तात परत पाठवतात. ॲमॉक्सिसिलिनसारख्या औषधाने ते जिवाणू मेले तर संप्रेरक कमी पडेल, असा तर्क १९७० च्या दशकात मांडला गेला आणि त्यानंतर कितीतरी वर्षे प्रत्येक अँटिबायोटिकबरोबर निरोध वापरा, असे सांगण्याची पद्धत पडली. मलाही शिकताना तसेच शिकवले होते. पुढे प्रत्यक्ष स्त्रियांच्या रक्तातली पातळी मोजली गेली, तेव्हा नेहमीच्या अँटिबायोटिकने ती विशेष बदलत नाही असे दिसले. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांतून हा सल्ला २०११ मध्ये काढून टाकण्यात आला, आणि जागतिक आरोग्य संघटनाही अशा अँटिबायोटिकबरोबर गोळी घेण्यावर कोणतेही बंधन घालत नाही. ॲमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन यांची काळजी करू नका. साध्या पडशाला, जे विषाणूंमुळे होते, ॲमॉक्सिसिलिन मुळात लागतच नाही, हे मला येथे खेदाने सांगावेसे वाटते.

ताई, आता तुम्ही माझ्या दोन प्रश्नांची उत्तरे द्या, कारण खरी जोखीम असेल तर ती त्यांत आहे. त्या पाच दिवसांत तुम्हाला उलट्या किंवा जुलाब झाले का? आणि तापाच्या रात्री माला-एनची गोळी घेतली होती, याची तुम्हाला खात्री आहे का? आठवून सांगू नका, पाकीट काढून घरे मोजा.

मांजराकाठ, रविवार, सकाळी ९.०५

उलट्या-जुलाब झाले नाहीत. पाकीट मोजले, आणि खरे सांगायचे तर मोजताना हात थरथरत होते.

नवे पाकीट सुरू केले की मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला कुंकवाचे बोट लावते. त्या खुणेप्रमाणे काल पंधरावा दिवस होता. पंधरा घरे रिकामी हवी होती, ती तेराच आहेत. दोन गोळ्या राहिल्या आहेत, आणि त्या कोणत्या रात्रीच्या हेही आता कळते आहे. रोज रात्री भांडी झाल्यावर साडेनऊच्या सुमारास मी गोळी घेते. दहाव्या आणि अकराव्या दिवशी, म्हणजे तापाच्या दोन्ही रात्री, सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. आठ वाजताच सर्दीची गोळी आणि पातळ औषध घेऊन मी झोपले, ती सकाळीच उठले. भांडी झाली नाहीत आणि त्यांच्याबरोबर गोळीही राहून गेली. बाराव्या रात्रीपासून पुन्हा रोज घेते आहे. आता काय करावे?

पूर्णाकाठ, रविवार, सकाळी ९.३०

घाबरू नका. तुमचा कुंकवाचा ठिपका फार मोलाचा ठरला, कारण त्यामुळे आपण अंदाजाने बोलत नाही.

एक गोळी चुकली आणि ती दुसऱ्या दिवशी लक्षात आली, तर ती लगेच घ्यायची आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्यायची. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात आणि वेगळी काळजी लागत नाही. सलग दोन किंवा अधिक चुकल्या, तर पुढच्या सात गोळ्या सलग जाईपर्यंत निरोध वापरावा लागतो. तुमच्या चार गेल्या आहेत. आज, उद्या आणि परवा अशा तीन आणखी जाऊ द्या, तोवर निरोध वापरा. चुकण्याआधी तुमच्या नऊ गोळ्या ओळीने वेळेवर गेलेल्या आहेत, त्यामुळे तातडीच्या गोळीची गरज नाही. राहिलेल्या दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. रोज एक याप्रमाणे पांढऱ्या गोळ्या संपवा आणि मग काळपट सुरू करा. पाकीट दोन दिवस उशिरा संपेल, त्याने काही बिघडत नाही. मध्येच थोडे डाग दिसले तरी गोळी सोडू नका. काळपट गोळ्यांच्या दिवसांत पाळी आलीच नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या.

नियम सगळीकडे सारखा नाही, म्हणून इतर वाचकांसाठी लिहिते. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातच दोन गोळ्या चुकल्या आणि त्या सुमारास संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा विचार करावा लागतो, कारण त्याआधीचा आठवडा लोहाच्याच गोळ्यांचा गेलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या, तर त्या पाकिटातल्या पांढऱ्या संपवून, काळपट न घेता, थेट नवे पाकीट सुरू करायचे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यायची. जोराच्या उलट्या-जुलाब दोन दिवसांपेक्षा अधिक चालले, तर गोळ्या चुकल्या असेच धरायचे. काळपट गोळी चुकली तर चिंता नाही. छाया ही गोळी संप्रेरकांची नाही आणि तिचे वेळापत्रकही निराळे आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा. तिला हे नियम लावू नका.

गोळी अगदी काटेकोर घेतली तर वर्षभरात हजारांत तीनच स्त्रियांना दिवस जातात, परंतु प्रत्यक्ष संसारात जशी घेतली जाते तशी घेतली तर शंभरांत सात स्त्रियांना जातात. हा एवढा फरक सर्दीच्या औषधाने पडत नाही. तो ताप, पाहुणे, लग्नकार्य, माहेरी राहिलेले पाकीट अशा साध्या कारणांनी पडतो. आजारपणात सर्वांचे लक्ष नव्या औषधाकडे जाते आणि जुनी गोळी राहून जाते. मग दिवस गेले की दोष नव्या औषधाला लागतो.

तेरणा, रविवार, दुपारी १.१५

मी धाराशिव जिल्ह्यातली आहे. आमच्याकडे सर्दीला मेडिकलच्या गोळीआधी आले, तुळस, गवती चहा, मिरे आणि ज्येष्ठमध यांचा काढा होतो, तो चालतो का? आणि माझ्या लहान बहिणीला फिट येतात, तिच्या गोळ्या चालू आहेत आणि उन्हाळ्यात तिचे लग्न आहे. तिच्यासाठी हे सर्व असेच लागू होते का?

पूर्णाकाठ, रविवार, दुपारी २.००

काढा चालतो. ज्येष्ठमध मात्र दिवसचे दिवस भरपूर घेऊ नये, कारण त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि ज्यांचा रक्तदाब गोळीमुळे आधीच थोडा चढला आहे त्यांना ते सोसत नाही.

बहिणीचे निराळे आहे, आणि तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही फिटची औषधे यकृताचा तो वेग खरोखर वाढवतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर माला-एनवर विसंबता येत नाही. लॅमोट्रिजिन चालू असेल तर उलटे घडते: गोळीमुळे लॅमोट्रिजिनचीच पातळी घटते आणि फिट पुन्हा येऊ शकते. व्हॅल्प्रोएटमुळे गोळीचा परिणाम कमी होत नाही, परंतु ते औषध पोटातल्या बाळाला फार घातक आहे, म्हणून ते चालू असताना दिवस जाऊ देणे योग्य नाही. लग्नाआधी तिला तिच्या फिटच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हा प्रश्न तिच्यादेखत विचारा. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

दुधना, रविवार, दुपारी ३.४०

कॅफिनबद्दल दुकानातला अनुभव सांगतो. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातून कॅफिन बाहेर पडायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. कॅफिन असलेली सर्दीची गोळी तीन वेळा आणि वर चार-पाच कप चहा असे झाले, की छातीत धडधड होते, हात कापतात, आणि बाई समजते की दोन गोळ्या एकमेकींना बाधल्या. अशा वेळी कॅफिन नसलेली साधी गोळी मागून घ्यावी. आणखी एक सांगतो: तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी तर ते टाळावेच. वाफ, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि तापापुरते पॅरासिटामॉल एवढ्यावर पुष्कळ माणसे बरी होतात. मी घरी तेच देतो.

पूर्णाकाठ, रविवार, दुपारी ४.०५

दुधना यांनी रक्तदाबाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. ज्यांचा रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक राहतो, त्यांनी माला-एनसारखी मिश्र संप्रेरकांची गोळी घेऊ नये. उपकेंद्रात पाकीट घेताना पट्टा बांधून एकदा मोजून घ्यावा. आणि गोळी घेणाऱ्या बाईला अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याला सर्दी समजून घरी थांबू नये. पायात रक्ताची गुठळी झाल्याचे किंवा ती फुप्फुसात गेल्याचे ते लक्षण असू शकते. तडक जिल्हा रुग्णालय गाठावे.

सिंदफणा, रविवार, रात्री ८.४५

मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. दिवसभर वाचत होते, आता सवडीने लिहिते.

आमच्या गावातली निम्मी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. टोळी निघण्याआधी मी बायकांना सहा महिन्यांची पाकिटे बांधून देते. कोपीत माला-एनचे पाकीट ठेवायला जागा नसते. कुणी पिठाच्या डब्यात ठेवते, कुणी साडीच्या घडीत. पहाटे तीनला उठून फडात जायचे, रात्री गाडी भरायला उठायचे, आणि थंडी-तापाने अंग तापले तरी खाडा पडू नये म्हणून मिळेल ती गोळी घेऊन कोयता हातात घ्यायचा. त्या दिवसांत गोळी चुकते, हे डॉक्टरताईंचे म्हणणे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. परतल्यावर कित्येकजणी मला पाकीट दाखवतात, तेव्हा त्यात मधलीच घरे भरलेली असतात आणि कोणत्या दिवसाची ते त्यांना सांगता येत नाही. कुंकवाच्या ठिपक्याची युक्ती मी यंदापासून सर्वांना सांगणार आहे.

परंतु मला एक गोष्ट सकाळपासून डाचते आहे. मांजराकाठ ताई, तुमच्या जाऊबाई खोटे बोलणाऱ्या नाहीत, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांच्या वहिनीचा खोकला किती दिवसांचा होता? त्या गोळ्या किती दिवस चालल्या, आणि कुठून मिळत होत्या? लघवीला केशरी रंग येत होता का, एवढे जरा विचाराल का?

मांजराकाठ, सोमवार, दुपारी १२.२०

सिंदफणा ताई, आज ज्वारीची राखण करताना निवांत बसून जाऊबाईंना विचारले.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे. वहिनींना दीड-दोन महिने खोकला होता, संध्याकाळी कणकण येई आणि अंगावरचे मांस उतरले होते. मग गोळ्या सुरू झाल्या, त्या सहा महिने चालल्या. आठवड्यातून तीन दिवस आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या बाईंसमोर मूठभर गोळ्या गिळाव्या लागत. लघवीचे विचारले तेव्हा जाऊबाई चमकून माझ्याकडे पाहू लागल्या. "तुला कसे ठाऊक? ती पहिल्यांदा रक्त पडते म्हणून रडत आली होती. केशरी धारच लागायची." आजाराचे नाव घरात कुणी घेतले नव्हते. गावात विचारले तर खोकल्याच्या गोळ्या चालू आहेत, असेच सांगत. चौथ्या महिन्यात त्यांना दिवस गेले, आणि माला-एन तर रोज चालू होती. एकही चुकवली नव्हती, असे त्या शपथेवर सांगत. सासरी कुणी विश्वास ठेवला नाही.

ती मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि धडधाकट आहे. वहिनीही बऱ्या आहेत.

पूर्णाकाठ, सोमवार, दुपारी १.१०

तो क्षयरोग होता, आणि वहिनी खरे सांगत होत्या.

क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध असते. सहा महिन्यांच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे कमी औषधे देतात, परंतु रिफाम्पिसिन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत असते. लघवी, घाम, डोळ्यांतले पाणी यांना केशरी रंग येतो तो त्याचाच; त्याने अपाय होत नाही. आठवड्यातून तीनदा समोर गोळ्या देण्याची पद्धत त्या काळी होती, आता उपचार रोजचा असतो. मी काल ज्या मोजक्या औषधांबद्दल लिहिले, त्यांत यकृताचा वेग सर्वांत जास्त वाढवणारे औषध हेच आहे. अँटिबायोटिकने गोळी बाद होते ही समजूत जगभर पसरली तिचा उगमही येथेच आहे: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिफाम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांत गोळी चालू असतानाही मध्येच रक्तस्राव आणि गर्भधारणा दिसू लागली होती, आणि तो दोष मग सरसकट सर्व अँटिबायोटिकना चिकटला. तुमच्या घरात तो खोकल्याच्या गोळ्यांना चिकटला. दोन्हीकडे मूळ गोष्ट खरीच होती. औषधाचे नाव तेवढे गळून पडले.

रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि ते थांबल्यावर आणखी चार आठवडे माला-एनवर विसंबू नये. तातडीच्या गोळीचाही परिणाम त्या काळात घटतो. तांबी किंवा तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन यांना मात्र या औषधाने बाध येत नाही. आणि कुणी गोळीसाठी क्षयाचा उपचार सोडू नये. उलटे करावे, साधन बदलावे. दिवस गेलेच तरी नेहमीचा उपचार गरोदरपणात चालू ठेवता येतो, आणि वहिनींच्या मुलीकडे पाहून ते दिसतेच आहे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सर्दीच्या गोळ्यांची तिसरी पट्टी आणण्याऐवजी आरोग्य केंद्रात थुंकी तपासावी. ती तपासणी आणि पुढचा उपचार दोन्ही मोफत आहेत.

मांजराकाठ, सोमवार, रात्री ९.५०

हे सर्व मी जाऊबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला तेव्हा कुणी एका शब्दाने सांगितले असते तर बारा वर्षे ऐकून घ्यावे लागले नसते." त्यांनी माझ्याच फोनवरून वहिनींना फोन लावला आणि अंगणात जाऊन बोलत राहिल्या, बाजूला होऊन मी माझी गोळी घेतली. आजची सहावी.

आता वेळ बदलावी असे वाटते. रात्रीऐवजी सकाळचा चहा टाकताना घेतली तर चालेल का? चहाचा डबा ताप असला तरी कुणीतरी उघडतेच.

पूर्णाकाठ, सोमवार, रात्री १०.१५

चालेल. आज रात्रीची घेतली आहे, तर पुढची उद्या सकाळीच घ्या. वेळ बदलताना दोन गोळ्यांतले अंतर चोवीस तासांपेक्षा कमी झाले तर चालते, वाढता कामा नये.

सिंदफणा, सोमवार, रात्री १०.४०

माझ्या भागात सध्या क्षयाचा उपचार घेणाऱ्या तीन बायका आहेत. त्यांच्या गोळ्यांची नोंद एका वहीत आहे आणि कुटुंब नियोजनाची दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या माझ्याच पिशवीत असतात, पण आजवर शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आत्ता पाहिल्या. दोघींची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिसरी सव्वीस वर्षांची आहे, तिचे दुसऱ्याच महिन्याचे औषध चालू आहे आणि दिवाळीच्या आधी मी स्वतः तिला माला-एनची पाकिटे दिली आहेत. या आजारपणामुळेच ती यंदा टोळीबरोबर गेली नाही. उद्या सकाळी आधी तिच्या वस्तीवर जाते. निरोधची पाकिटे बरोबर घेतली आहेत, आणि तिची तयारी असली तर तांबीसाठी आरोग्य केंद्रात मीच घेऊन जाईन.